दात पिवळे, काळे, तांबडे का पडतात? किनारपट्टीवरच्या घरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

दात पिवळे दिसायला लागले की बहुतेक घरांत पहिला उपाय होतो तो जोरात घासण्याचा. कुणी मीठ घेतं, कुणी चुलीतली राख, कुणी करवंटीचा कोळसा कुटून बाटलीत भरून ठेवतं. किनाऱ्यावरच्या गावांतले दात तपासताना मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते याचंच. माणसं डाग काढायला जातात आणि दात झिजवून बसतात. दाताचं सगळ्यात वरचं आवरण म्हणजे इनॅमल. मोडलेलं हाड सांधतं, पण झिजलेलं इनॅमल पुन्हा भरून येत नाही, कारण त्यात जिवंत पेशीच नसतात. त्याच्या खाली डेंटीन असतं आणि ते मुळातच पिवळसर असतं. इनॅमल जितकं पातळ होईल तितका आतला पिवळेपणा वर दिसतो. म्हणजे जास्त घासून दात पांढरे होत नाहीत, उलट आणखी पिवळे होतात. त्यामुळे ब्रश हातात घेण्याआधी डाग कशाचा आहे ते ओळखायचं. उपाय त्यावरच ठरतो.

आधी उजेडात बघा

बाथरूमच्या दिव्यात दातांचा खरा रंग कळत नाही. सकाळी पडवीत किंवा खिडकीशी उभं राहा आणि हातात छोटा आरसा घ्या. चूळ भरून स्वच्छ फडक्यानं पुढचे दात कोरडे करा. ओल्या दातावर बरेच डाग लपतात. मग तीन गोष्टी बघा: डाग एकाच दाताला आहे की सगळ्यांना, हिरडीच्या कडेला आहे की दाताच्या मधोमध, आणि नखानं हलकेच खरवडल्यावर त्यातलं काही निघतं का.

खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला, जिभेकडे, पिवळट-तपकिरी कडक थर लागत असेल तर ते किटण. जिभेखाली लाळग्रंथींची तोंडं उघडतात आणि लाळेतले क्षार तिथेच आधी बसतात, म्हणून किटण तिथे सगळ्यात लवकर धरतं. त्यावर चहा-तंबाखूचा रंग चढला की ते काळं दिसतं. नखानं किंवा सुईनं ते काढायला जाऊ नका, हिरडी फाटते.

एकच दात राखाडी किंवा निळसर काळा पडला असेल आणि आधी कधी तिथे मार लागला असेल, तर त्या दाताची आतली नस मेलेली असण्याची दाट शक्यता असते. हा रंग आतून आलेला असतो. तो कुठल्याही पेस्टनं जाणार नाही. दुखत नसलं तरी एक्स-रे काढून घ्यावा, कारण मुळाशी पू धरत असला तरी बरेच महिने काहीच कळत नाही.

हिरडीलगत खडूसारखा पांढरा, निस्तेज डाग दिसला तर तो किडीची सुरुवात असू शकतो. या टप्प्यावर फ्लोराइडनं आणि खाण्याच्या सवयी बदलून कीड थांबवता येते. म्हणून हा डाग ओळखता येणं फार मोलाचं आहे. तोच पुढे तपकिरी, मग काळा होतो आणि खड्डा पडतो. दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखेच पांढरे पट्टे किंवा तपकिरी ठिपके असतील आणि ते दात आले तेव्हापासूनच असतील, तर फ्लोरोसिसचा, म्हणजे लहानपणी फ्लोराइड जास्त गेल्यानं पडलेल्या डागांचा, विचार करावा लागतो. त्याबद्दल पुढे पाण्याच्या भागात सांगितलं आहे.

आणि सगळेच दात एकसारखे फिकट पिवळे असतील, डाग असा कुठे नसेल, तर बहुधा तो तुमचा स्वतःचा रंग आहे. वयाबरोबर तो आणखी गडद होतो. जाहिरातीतला चुन्यासारखा पांढरा दात निसर्गात फारसा आढळत नाही, आणि फिकट पिवळा दात हे आजाराचं लक्षण नाही.

चहा, कोकम आणि बाकीचं आंबट

चहातलं टॅनिन दातावर चिकटतं. कोऱ्या चहाचा डाग दुधाच्या चहापेक्षा जास्त बसतो, कारण दुधातली प्रथिनं टॅनिनला धरून ठेवतात. पण किती कप, यापेक्षा किती वेळा आणि किती रेंगाळत, हे जास्त महत्त्वाचं. दुकानाच्या फळीवर ग्लास ठेवून तासभर एकेक घोट घेत राहिलात तर दात तासभर त्या रंगात भिजत राहतात. चहा घ्या, संपवा, वर दोन घोट साधं पाणी तोंडात खुळखुळवा. एवढ्यानं बराच फरक पडतो.

कोकमाबद्दल मला नेहमी विचारतात, "सोलकढीनं दात लाल होतात का?" रंगाचा डाग हलका असतो आणि ब्रशनं जातो. काळजी करायची ती कोकमाच्या आंबटपणाची. तोंडातली आम्लता वाढून पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधले क्षार विरघळायला लागतात, आणि कोकम, कैरी, चिंच, बिंबल, आवळा, लिंबू हे सगळे त्याच्या खूप खाली आहेत. जेवणात सोलकढी पिणं अजिबात वाईट नाही. नारळाच्या दुधानं आंबटपणा सौम्य होतो आणि जेवताना लाळही भरपूर सुटते. त्रास होतो तो मे महिन्यात दिवसभर थोडंथोडं पिल्या जाणाऱ्या कोकम सरबताचा, कारण त्यात आम्लही असतं आणि साखरही. आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, तसाच तोंडात धरून ठेवणं, कैरीची फोड गालात दाबून चघळत राहणं, याही सवयी मोडायला हव्यात.

इथे एक चूक घरोघरी होते. आंबट खाल्लं, दात आंबले, म्हणून लगेच ब्रश केला. त्या वेळी इनॅमलचा वरचा थर मऊ झालेला असतो आणि ब्रशबरोबर तोच निघतो. आंबट खाल्ल्यावर साध्या पाण्यानं चूळ भरा आणि ब्रशला निदान अर्धा तास थांबा. तेवढ्यात लाळ काही क्षार परत बसवते. सकाळी नाश्त्याला आंबट काही असेल तर ब्रश नाश्त्याच्या आधी करून घ्यावा.

जांभळं आणि करवंदांचा रंग जिभेवर दिसतो तितका दातावर टिकत नाही. त्याची चिंता नको.

मिश्री, तंबाखू, पान-सुपारी

या भागावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण इथे डाग ही सगळ्यात लहान गोष्ट आहे.

तव्यावर तंबाखूची पानं करपेपर्यंत भाजायची, हातानं चुरायची, डबीत भरायची आणि सकाळी बोटानं दात-हिरड्यांना लावायची. कितीतरी घरांत आजीपासून सुनेपर्यंत हे चालत आलं आहे. लावणाऱ्या बाईला वाटतं आपण दात घासतो आहोत. प्रत्यक्षात मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. हिरडीच्या नाजूक कातडीतून निकोटीन थेट रक्तात जातं, म्हणूनच एकदाची मिश्री दिवसातून तीन-चार वेळा होते. दातांवर काळपट थर चढतो, खरखरीत कणांनी इनॅमल घासलं जातं, हिरडी खाली सरकते आणि दाताचं पिवळं मूळ उघडं पडतं. गरोदरपणात हे चालू राहिलं तर बाळ वजनानं कमी भरण्याचा आणि दिवस भरण्याआधी जन्मण्याचा धोका वाढतो. घरात नवी सून आली असेल आणि ती मिश्री लावत असेल, तर तिला टोमणा न मारता हे सांगणारं कुणीतरी हवं.

"मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही," हे मी असंख्य बायकांकडून ऐकलं आहे. ती तक्रार खोटी नाही. निकोटीन आतड्यांना चालना देतं, आणि सोडल्यावर काही दिवस पोट जड राहतं. हे तात्पुरतं आहे. सकाळी उठल्याबरोबर कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, ताक, थोडं चालणं, असं काही दिवस सांभाळलं की शरीर आपलं आपण मार्गावर येतं. सोडायचं ठरवाल तो दिवस सणावाराच्या धामधुमीत धरू नका. आधी डबी घराबाहेर काढा, हाताला लागेल तिथे बडीशेप ठेवा आणि मिश्रीच्या वेळेला पेस्ट लावून ब्रश करा, म्हणजे हाताची सवयही सुटत नाही. तलफ आली की काही मिनिटांत ती ओसरते, तेवढा वेळ काढायचा. मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी फोन मोफत आहे आणि त्यावर तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशन मिळतं.

पानाचं तसंच. काथानं दात तांबूस होतात, चुन्यानं थर घट्ट बसतो. पण त्यातली सुपारी जास्त घातक. श्रीवर्धन, दिवेआगर, गुहागरकडे पोफळीच्या बागा आहेत, सुपारी तिथल्या लोकांची रोजीरोटी आहे आणि पूजेला, लग्नाला ती लागतेच. त्या सुपारीशी माझं काही भांडण नाही. माझं म्हणणं गालात धरलेल्या सुपारीबद्दल आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये तंबाखू नसलेल्या नुसत्या सुपारीलाही माणसात कर्करोग करणारा पदार्थ ठरवलं. सुपारीनं गालाच्या आतली कातडी हळूहळू ताठर होते, तिखट लागताच आग होते, आणि एक दिवस तोंड पूर्ण उघडत नाही. घरच्या घरी तपासा: तोंड उघडून आपलीच मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का बघा. जात नसतील, गालात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नसेल, तर दातांचे डाग बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी सुपारी आणि तंबाखूच्या वेगवेगळ्या पुड्या एकत्र करून खाणारी शाळकरी मुलं दिसतात. पालकांनी त्यांच्या दातांच्या रंगाकडे आणि जेवताना "तिखट लागतं" या तक्रारीकडे लक्ष ठेवावं.

पाणी तपासून घ्या

आपल्याकडे जांभा दगड. काही विहिरी-बोअरच्या पाण्यात लोह इतकं असतं की बालदीला आणि फरशीला तांबूस रंग चढतो. असं पाणी रोज पोटात जात असेल तर दातांवरच्या चिकट थराला गडद रंग येऊ शकतो. तो वरचाच असतो, साफ करता येतो.

फ्लोराइड मात्र वेगळं. ते प्रमाणात असेल तर दात मजबूत करतं, पण दात हाडात तयार होत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, ते जास्त गेलं तर दातावर कायमचे पट्टे आणि ठिपके उठतात. मोठेपणी तेच पाणी प्यायलं तर दातावर नवे पट्टे येत नाहीत, मात्र फार जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षं गेलं तर हाडांना त्रास होतो. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत असावं असं भारतीय मानक सांगतं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतलं जातं. राज्यात फ्लोराइडचा त्रास चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडे जास्त ओळखला जातो, कोकणात तो सरसकट नाही. तरीही खोल बोअरच्या पाण्यात खडकातले क्षार उथळ विहिरीपेक्षा जास्त उतरण्याची शक्यता असते, आणि गरम पाण्याच्या झऱ्यांजवळच्या वस्तीत तर पाणी तपासूनच प्यावं.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्यात असतात. नमुना कसा भरायचा ते तिथे किंवा ग्रामपंचायतीत विचारून घ्या. घरातल्या दोन-तीन मुलांच्या नव्या दातांवर सारखेच पट्टे दिसत असतील तर हे काम पुढे ढकलू नका. एक लक्षात ठेवा, पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं आणि फ्लोराइडचं प्रमाण उलट वाढतं. त्यासाठी आरओ किंवा दुसरा स्रोत लागतो. आपल्याकडे पाऊस एवढा पडतो की पागोळीचं पाणी गाळून, नीट साठवून लहान मुलांच्या पिण्यासाठी वापरणं हाही व्यवहार्य मार्ग आहे.

औषधांचे डाग

सिंधुदुर्ग-रत्नागिरीत पावसाळ्यात लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून चिखल-पाण्यात पसरणारा ताप) साथ येते आणि भातलावणीला चिखलात उतरणाऱ्यांना डॉक्सीसायक्लिन दिलं जातं. ते टेट्रासायक्लिन गटातलं औषध आहे. जुन्या टेट्रासायक्लिननं पोटातल्या बाळाचे आणि आठ वर्षांखालच्या मुलांचे दात कायमचे करडे-तपकिरी होत, त्यामुळे लोक घाबरतात. मोठ्या माणसाच्या तयार झालेल्या दातांना याची भीती नाही. डॉक्टरांनी दिलं असेल तर दातांच्या भीतीनं टाळू नका, लेप्टो जिवावर बेततो. गरोदर असाल किंवा मूल लहान असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, पुढचं ते ठरवतील. डॉक्सीसायक्लिनच्या थोड्या दिवसांच्या कोर्सनं लहान मुलांच्या दातांवरही डाग पडलेले आढळलेले नाहीत.

आशाताईंकडून बाळासाठी मिळणाऱ्या लोहाच्या सिरपनं दात काळे दिसतात. ते वरचे डाग आहेत. सिरप जिभेच्या मागच्या बाजूला सोडा, वर पाणी पाजा, दात पुसा. डाग पडतात म्हणून सिरप बंद करणं हा मात्र बाळावर अन्याय आहे.

हिरडीच्या दुखण्यावर दिलं जाणारं क्लोरहेक्झिडीनचं माउथवॉश दोन आठवड्यांपेक्षा जास्त स्वतःच्या मनानं चालू ठेवू नका. त्यानं तपकिरी डाग पडतात आणि चहाबरोबर ते आणखी गडद होतात.

रोजचं घासणं

मऊ केसांचा ब्रश घ्या, हिरडीकडे थोडा तिरका धरा आणि हलक्या हातानं लहान गोल फिरवा. दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. रात्रीचा ब्रश चुकवू नका, झोपेत लाळ कमी सुटते. फ्लोराइड असलेली साधी पेस्ट पुरे, पाकिटावर १००० पीपीएम किंवा त्याहून जास्त लिहिलेलं बघा. घासून झाल्यावर थुंका, पण भरभरून चुळा भरू नका, म्हणजे फ्लोराइड दातावर राहतं. केस पसरले की ब्रश बदला. तीन महिन्यांपेक्षा जास्त तो चालतही नाही.

राख, कोळसा, विटेची भुकटी, मीठ, लिंबू-सोडा हे सगळं बंद. पहिल्या आठवड्यात दात उजळ दिसतात ते वरचा डाग खरवडून निघाल्यामुळे, आणि त्याच्याबरोबर इनॅमलही जातं. "व्हाइटनिंग" म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पेस्ट वरवरचे डाग थोडे कमी करतात, आतला रंग बदलत नाहीत. आंब्याचं पान दुमडून दात घासायची आपल्याकडची जुनी पद्धत तेवढी अपायकारक नाही, पण पान दातांच्या फटीत पोचत नाही आणि त्यात फ्लोराइड नसतं. पान वापरायचं असेल तर वापरा, ब्रश मात्र त्याच्या जोडीला हवाच.

मुलांचे दात

सहा-सात वर्षांच्या मुलाचे नवे दात पिवळे दिसतात म्हणून आईवडील घाबरून येतात. दुधाचे दात जास्त पांढरे असतात, त्यांच्या शेजारी कायमचे दात पिवळे वाटतातच. सगळे दात बदलले की तो फरक जाणवत नाही. हिरडीच्या कडेनं पेन्सिलीनं आखल्यासारखी बारीक काळी रेघ काही मुलांना येते. ती तोंडातल्या विशिष्ट जिवाणूंमुळे येते, कीड नसते. दवाखान्यात पॉलिश केल्यावर जाते आणि पुन्हा येऊही शकते. मुलाला त्यावरून ओरडू नका.

तीन वर्षांखालच्या मुलाला पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. जाहिरातीत दाखवतात तशी पूर्ण ब्रशभर नाही, कारण लहान मुलं ती गिळतात आणि फ्लोराइड पोटात जातं.

दवाखान्यात काय करतात, काय मागायचं

वरचे डाग आणि किटण यांना क्लीनिंग आणि पॉलिश पुरतं. "क्लीनिंगनं दात हलतात" ही समजूत घट्ट आहे. हिरडी आधीच खाली गेलेली असते आणि किटणानं फटी बुजलेल्या असतात. किटण निघालं की फटी दिसतात आणि काही दिवस गार पाणी झिणझिणतं. दात सैल झालेले असतील तर ते किटणानंच झालेले असतात. पैशाची अडचण असेल तर ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात दातांचा विभाग आहे का ते विचारा, आणि दंत महाविद्यालयातही खर्च बराच कमी येतो.

ब्लीचिंग ही शेवटची पायरी. किडलेले दात भरून, हिरडी बरी करून, मगच. घरी लावायच्या जेलमध्ये साधारण १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड असतं, दवाखान्यातल्यात त्याहून बरंच तीव्र. अठरा वर्षांखाली, गरोदरपणात आणि अंगावर पाजताना करू नये. कॅप आणि सिमेंटच्या फिलिंगचा रंग ब्लीचनं बदलत नाही, म्हणून पुढे कॅप असेल तर आधी विचारा, नाहीतर दात उजळतात आणि कॅप वेगळीच दिसते. फ्लोरोसिसच्या हलक्या डागांना वरचा अगदी पातळ थर घासून किंवा त्यात रेझिन मुरवून उजळवता येतं, खोल डागांना वरून पातळ आवरण लावावं लागतं. मेलेल्या दाताचं रूट कॅनाल करून त्याला आतून ब्लीच करता येतं.

ब्लीचनंतर दोन दिवस दात रंग लवकर धरतात. त्या दोन दिवसांत हळदीचं तिखलं, सोलकढी, चहा, पान, तंबाखू नको. पेज, दही-भात, घावणे आणि ओल्या खोबऱ्याची पांढरी चटणी, उकडलेलं अंड्याचं पांढरं, शहाळं, हळद न लावता उकडलेला मासा, एवढ्यावर दोन दिवस सहज निघतात. शहाळं आणि पाणी पिताना स्ट्रॉ वापरला तर झिणझिण्याही कमी जाणवतात.